जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर: एकाच वाड्यातले दोन पीसी, दोन उत्तरं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून मला येणारे फोन एकाच वळणाचे असतात. पीसी सात-आठ वर्षांचा, तक्रार काही नाही, पण विंडोज ११ घेत नाही. नुसता प्रोसेसर बदलून भागेल का?

माझा मावसभाऊ आणि त्याच्या वर राहणारे काका, दोघांनी हे एकाच संध्याकाळी विचारलं. भावाकडे एच११० बोर्डावर (म्हणजे मदरबोर्डवर) इंटेलचा आय५-७४००, काकांकडे बी४५० बोर्डावर एएमडीचा रायझन ५ १६००. विंडोज ११च्या अधिकृत यादीत दोन्ही प्रोसेसर नाहीत. इथपर्यंत दोघं एकाच होडीत.

भावाने आधीच अभ्यास केला होता. सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए ११५१; आठव्या पिढीच्या आय५-८४००चं सॉकेटही एलजीए ११५१, म्हणजे जुळलं! इथेच निम्मे लोक फसतात. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्या सॉकेटात बसतो, खाचा जुळतात, वरची पट्टीसुद्धा बिनतक्रार बंद होते. फक्त पीसी चालू होत नाही. २०१७मध्ये आठवी पिढी आणताना इंटेलने वीजपुरवठ्याच्या काही पिनांची मांडणी बदलली आणि ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) सक्तीचा केला. १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड सहाव्या-सातव्या पिढीवरच थांबले, भावाचा एच११० त्यातलाच. पिनांवर टेप लावून आणि बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) फेरफार करून हे जमवणारे हौशी लोक आहेत. घरच्या एकुलत्या एक पीसीवर मी ते करणार नाही. भावाच्या बोर्डाची मजल जास्तीत जास्त आय७-७७००पर्यंत. तो जुन्या बाजारात मिळतो, वेगही थोडा वाढेल, पण विंडोज ११च्या यादीत तोही नाही. म्हणजे पैसे जाऊन मूळ दुखणं तसंच.

काकांचं नशीब वेगळं. त्यांच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर २०१७चा पहिला रायझन चालतो आणि २०२२चा रायझन ५ ५६००ही. हे सरळ झालं नाही, बरं का. मे २०२०मध्ये एएमडीने रायझन ५०००चे प्रोसेसर ५०० मालिकेच्या बोर्डांपुरतेच ठेवणार असं सांगितलं होतं. ग्राहक इतके खवळले की काही दिवसांत ४०० मालिकेला (काकांचा बी४५० त्यातलाच) मुभा मिळाली, आणि २०२२मध्ये बी३५०, ए३२०सारख्या त्याहून जुन्या बोर्डांनाही. सॉकेट तेच होतं; बदलली ती कंपनीची मर्जी, आणि ती मर्जी बायोसमधून बोर्डापर्यंत पोहोचते.

म्हणून सॉकेटचं नाव बघून थांबू नका. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ लिहा किंवा सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. बोर्डाचं पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती दिसेल. काही बोर्डांवर रिव्हिजनचा आकडा कोपऱ्यात छापलेला असतो, तोही टिपून घ्या. नाव एक आणि रिव्हिजन वेगळी असली की यादीही वेगळी असू शकते. मग बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्याच मॉडेलची प्रोसेसरची यादी काढा. प्रोसेसरच्या नावासमोर कोणत्या बायोसपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. काकांच्या बोर्डावर २०१९चं बायोस होतं, आणि ५६००समोरची आवृत्ती त्याच्या कितीतरी पुढची.

क्रम महत्त्वाचा: बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आधी नवा बसवलात तर पडदा काळा, आणि बोर्डाला प्रोसेसरशिवाय बायोस बदलायची सोय नसेल तर पुन्हा सगळं उलटं करा. अपडेट चालू असताना वीज गेली तर पंचाईत, म्हणून यूपीएस हवाच. काही बोर्डांची बायोस चिप लहान असते. नव्या प्रोसेसरना जागा करायला काही जुन्यांचा सपोर्ट काढतात, तेव्हा त्या बायोससोबतच्या टिपा वाचून घ्या.

कूलर काढताना मात्र जपा. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला कूलरशी घट्ट धरून ठेवते. सरळ वर ओढला की पट्टी बंद असतानाच प्रोसेसर सॉकेटातून उपटून बाहेर येतो. आम्ही दहा-पंधरा मिनिटं पीसी तापवला, बंद केला, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकासा फिरवत सोडवला. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच पडद्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न आला. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, नाहीतर वाय दाबल्यावर डेटा कुलूपबंद. काकांचं बिटलॉकर बंद होतं. बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं जुनंच राहिलं आणि विंडोज ११ चढलं.

भावाला बोर्ड बदलणं भागच होतं. बी५५० बोर्डावर ५६००, एच६१० बोर्डावर आय५-१२४००, की थेट एएमडीचं नवं सॉकेट एएम५? एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते, म्हणजे हातातली १६ जीबी डीडीआर४ वाया. दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्याने तेच घ्यावं, कारण ते सॉकेट किमान २०२७पर्यंत चालवायचं एएमडीने जाहीर केलं आहे. हा पठ्ठ्या आठ वर्षं काही बदलत नाही. राहिले दोघे. दोन्हींत डीडीआर४ चालते, कामाला दोन्ही पुरेसे, पण भावाकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि ५६००मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. (काकांकडे कार्ड होतं, म्हणून तिथे प्रश्न आला नाही.) तिथेच १२४०० ठरला.

एका दुकानदाराने ‘तोच आहे, स्वस्त पडेल’ म्हणत १२४००एफ पुढे केला. चालला असता हो, पण मॉनिटरवर काही दिसलं नसतं. त्या एफचा अर्थच ग्राफिक्स नाही. एच६१० बोर्डही डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा खोक्यावर नीट बघा. जुना कूलरही तसाच बसत नाही, १२४००च्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीची भोकं थोडी लांब आहेत. प्रोसेसर खोक्यातला घेतला तर कूलर सोबत येतो. या सॉकेटची मजल चौदाव्या पिढीपर्यंतच, इंटेल २०२४मध्ये पुढच्या सॉकेटवर गेलं. शिवाय यादीत आय९चं नाव दिसलं म्हणून स्वस्तातल्या एच६१०वर तो चढवू नका. चालू होईल, पण वीजपुरवठ्याचा भाग तापला की धापा टाकेल.

भावाच्या नव्या बोर्डाची यादी आम्ही दुकानातच मोबाइलवर उघडली. १२४००समोर पहिल्याच बायोसची नोंद होती, तेव्हा पैसे दिले.