लीजही नाही, खरेदीही नाही: मस्टँगच्या नावाखाली गेलेले १८ लाख

पुतण्याच्या दारात उभी असलेली लाल मस्टँग, म्हणजे फोर्ड कंपनीची महागडी स्पोर्ट्स कार, ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेचे वसुलीवाले घेऊन गेले. ती गाडी कधीच त्याच्या मालकीची नव्हती, आणि ज्या लीजवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेकरारावर, ती घेतली असं तो समजत होता ती लीजही कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. १४ लाख डिपॉझिट आणि दरमहा ८५ हजारांचे पाच हप्ते, असे १८ लाख २५ हजार रुपये गेले. सगळं सविस्तर लिहितो आहे, कारण याच नमुन्याचा करारनामा आमच्याच जिल्ह्यात आणखी एका घरात निघाला आहे. गिऱ्हाईक कोण हे या लोकांनी नीट हेरून ठेवलेलं असतं. ज्यांची जमीन समृद्धी महामार्गात गेली, मोबदल्याची एफडी ज्यांच्या खात्यात आहे आणि घरात एखादं तिशीच्या आतलं पोरगं आहे, असं घर.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, शेलूबाजारच्या बाजूला. भावाची जमीन समृद्धीत गेली, पुढे भाऊही गेला. मोबदल्याचा पैसा वहिनींनी आणि पोराने फार जपून ठेवला होता. थोडी नवी जमीन घेतली, विहीर बांधली, बाकीची एफडी केली. पोरगं उधळं नाही. सोयाबीन-तुरीचा हिशोब वहीत लिहून ठेवणारा तो. पण ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला आणि ज्या गाड्या मोबाईलवरच पाहिल्या होत्या त्या आमच्याच शेताच्या कडेने जायला लागल्या. आपली जमीन या रस्त्याखाली आहे, मग एकदा तरी आपल्या गाडीने यावरून जावं, असं त्याच्या मनात आलं. मला यात काहीच वावगं वाटत नाही. हौस फक्त शहरातल्याच पोरांनी करावी असा काही नियम नाही.

घरात चर्चा झाली ती घ्यायची की लीजवर आणायची याचीच. मस्टँग भारतात बाहेरून आयात होऊन यायची आणि आता नवी कंपनीकडून मिळत नव्हती, त्यामुळे घ्यायची तर जुनीच. पसंत पडलेली गाडी २०१७ ची होती, ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, रोख किंमत ४८ लाख सांगितली. एवढी रक्कम एकदम काढायची तर एफडी मोडावी लागत होती. वहिनी म्हणाल्या, "इतकी महागाची गाडी कायले पायजे बाप्पा? आपल्या पांदणीत ती उतरन का?" पोरगा म्हणाला, "आई, इकत घेतली तर पैसा अडकते. लीजवर आणली तर एफडी जागीच राह्यते." हे वाक्य त्याचं नव्हतं. एजंटने फोनवर त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलेलं होतं.

एजंट नागपूरचा. त्याची निम्मी वाक्यं खरी होती, आणि सावध राहायचं ते त्यापासूनच. महागडी गाडी विकत घेतली की तिची किंमत झपाट्याने उतरते, हे खरं आहे. विम्याच्या तक्त्यात पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ३० टक्के आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घसारा धरतात. लीजमध्ये ही घट लीज कंपनी सोसते, आपण मुदत संपली की गाडी परत देतो, हेही खरं. लीजच्या भाड्यावर इन्कम टॅक्स वाचतो, हे वाक्यही एका ठिकाणी खरं आहे: ज्याचा धंदा आहे आणि जो ते भाडं धंद्याच्या खर्चात दाखवू शकतो, त्याच्यासाठी. शेतकऱ्याचं शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त असतं. जो कर आपण भरतच नाही, तो वाचणार कसा? शहरातल्या कंपनीवाल्यांचा फायदा एजंटने शेतकऱ्याच्या पोरासमोर मांडला, आणि तिथे उलट विचारणारं कोणी नव्हतं.

मग त्याने त्याची खास योजना काढली. लीजही आणि खरेदीही. आता १४ लाख डिपॉझिट, ३६ महिने ८५ हजार, शेवटी १० लाख भरले की आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर. "भाऊ, गाडी आजपासून तुमचीच समजा. कागद मागून होत राहतील," असं तो म्हणाल्याचं पोराला शब्दन् शब्द आठवतं. हा हिशोब पाटीवर मांडून पाहा. १४ लाख, अधिक ३० लाख ६० हजार, अधिक १० लाख, म्हणजे ५४ लाख ६० हजार. रोख किमतीपेक्षा साडेसहा लाखांवर जास्त. खऱ्या लीजमध्ये डिपॉझिट फार तर काही महिन्यांच्या भाड्याएवढं असतं आणि गाडीची घट त्यांच्या अंगावर असते. इथे खरेदीएवढा पैसा आपला, घट आपली, टायर आणि सर्व्हिसिंग आपलं, आणि मालकी मात्र तीन वर्षांनंतर, तीही तोंडी.

कागद माझ्या हातात आले ते गाडी गेल्यानंतर. एकेक कागद दाखवतो, कारण ओळखायची जागा तीच आहे.

आरसीची झेरॉक्स होती, पण फक्त पुढच्या बाजूची. गाडीचा नंबर दिल्लीचा, नाव तिथल्याच एका माणसाचं. आरसी कार्डावर फायनान्सरचं नाव मागच्या बाजूला असतं, आणि त्या बाजूची झेरॉक्स दिलीच नव्हती. शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. इतर हक्कात बँकेचा बोजा असलेली जमीन कोणी नुसता गाव नमुना आठ-अ दाखवून विकू लागला तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. गाडीवरचा एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, हा तसाच बोजा. कर्ज फिटलं की बँक एनओसी देते आणि फॉर्म ३५ भरून तो उतरवावा लागतो. तोवर बँकेच्या संमतीशिवाय ती गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. दिल्लीहून महाराष्ट्रात नोंदवायला लागणारी फॉर्म २८ ची एनओसीही बँकेची संमती नसेल तर मिळत नाही.

करारनामा १०० रुपयांच्या स्टॅम्पवर होता, तारीख मार्च २०२५ ची. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. म्हणजे कागद मुळातच अपुऱ्या मुद्रांकाचा. खाली नोटरीचा गोल शिक्का होता, आणि त्या शिक्क्यावरच घरच्यांचा विश्वास बसला. नोटरी सही कोणाची हे पाहते, गाडी कोणाची हे पाहत नाही. करारात "लीज" हा शब्द चार ठिकाणी होता आणि ज्याने गाडी लीजवर दिली त्या एजंटचा त्या गाडीवर हक्क कुठून आला, यावर एक ओळही नव्हती.

पावत्या बाजारात मिळणाऱ्या साध्या पावती पुस्तकातल्या होत्या. शिक्क्यावर जीएसटी नंबर होता, त्याचे पहिले दोन आकडे ०७. ते दिल्लीचे. महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. भाडं ही जीएसटी लागणारी सेवा आहे, त्यामुळे खरी लीज कंपनी दर महिन्याला कराचं बिल देते. इथे एकदाही दिलं नाही. डिपॉझिटपैकी ९ लाख आरटीजीएसने गेले, तेही कुठल्या फर्मच्या खात्यात नाही, एका माणसाच्या बचत खात्यात. उरलेले ५ लाख त्याने रोखीत मागून घेतले. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्याने बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. रोख का पाहिजे, हे ज्याला सांगता येत नाही त्याला रोख देऊ नका. आज आमच्याकडे त्या ५ लाखांचा पुरावा म्हणून फक्त हाताने लिहिलेली पावती आहे.

आणखी एक खूण गाडीवरच होती. मीटरवर १९ हजारच किलोमीटर दिसत होते, पण मीटरवरून टायरचं वय कळत नाही. टायरच्या कडेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. तीन टायरांवर २०१७ चे आकडे होते आणि रबराला बारीक भेगा पडलेल्या. समृद्धीवर गाडीला १२० ची मर्यादा आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटून किती घरं उघडी पडली हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. या टायरांवर पोरगा नागपूरपर्यंत जाऊन आला होता. पैशाचं दुःख आहेच, पण हे आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

विमाही मूळ मालकाच्या नावावर आणि बँकेच्या नोंदीसह होता. गाडी जळाली असती किंवा ठोकली असती, तर दाव्याचा पैसा बँकेला आणि मालकाला गेला असता, हप्ते भरणाऱ्या पोराला नाही.

गाडी नेली त्या दिवशी वसुलीवाल्यांशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे बँकेचं अधिकारपत्र होतं, ओळखपत्रं होती, ठाण्यात आधी कळवलेलं होतं. मूळ मालकाचे हप्ते थकलेले होते. पुतण्याने एजंटला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "दोन दिवसांत सोडवून आणतो." त्यानंतर फोन बंद.

ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. हे उत्तर ऐकून परत फिरू नका. बोजा लपवून, आपली नसलेली गाडी दाखवून पैसे घेणं ही फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) तिला लागतं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आम्ही अधीक्षकांकडे पाठवली, मगच गुन्हा नोंदला गेला. तपास चालू आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

आता घ्यायची की लीजवर आणायची, याबद्दल माझं मत. आपल्यासारख्या शेतकरी घराला अशा गाडीची लीज परवडण्यासारखी नाही, आणि खरी लीज कंपनी बहुधा आपल्याला देणारही नाही. ती आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं विवरणपत्र, मागते, नोकरदाराला त्याच्या कंपनीमार्फत देते किंवा धंदेवाल्याला देते. दिली तरी वर्षाला किलोमीटरची मर्यादा असते, वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे लागतात, परत देताना ओरखड्यांचे पैसे कापतात. आपल्या रस्त्यांवर ओरखडा चुकत नाही. गाडी लीज कंपनीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात तिचा रोड टॅक्स २० टक्के, तुमच्या स्वतःच्या नावावर घेतलेल्या, भारतात बनलेल्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. तो फरकही भाड्यातच घातलेला असतो. हौस पक्की असेल तर स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर, खिसा झेपेल एवढीच जुनी गाडी घ्यावी. पैसे द्यायचे ते एचपी उतरल्यावर, आणि फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही आपल्यासमोर घेऊन.

आणि लीजच घ्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे लीज कराराची नोंद आरसीवर होते, ती करून मागा. फॉर्म ३४ त्यासाठीच आहे. "कागद मागून होतील" म्हणणारा ही नोंद करून देत नाही, कारण त्याला ती करताच येत नाही.

ज्यांच्या घरात अशी "लीज टू ओन" गाडी आजच उभी आहे त्यांनी एवढं आधी करावं. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण गाडीवर फायनान्स आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे दिसतं. फायनान्स दिसला तर पुढचा हप्ता देण्याआधी त्या बँकेच्या शाखेत जाऊन कर्ज चालू आहे की थकलं आहे ते लेखी विचारा. एजंटचे फोन, मेसेज, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट यांच्या प्रती काढून दुसऱ्या कोणाजवळ ठेवा. आमच्याकडे मेसेज होते म्हणून अधीक्षक कार्यालयाने तक्रार ऐकून घेतली. गाडी ताब्यात आहे तोवरच तक्रार द्या, कारण ती गेल्यावर एजंट फोन उचलत नाही.