ड्रॅगन घ्यायचा की चेटकीण? दहा वर्षांच्या पोरासाठी

परवा ताईचा फोन, चिन्याला सुट्टीत वाचायला काहीतरी दे की रे, नाहीतर दिवसभर मोबाईल, आणि बाहेर सोडावं तर सोलापूरचं ऊन तुला माहितीये. भाचा दहा वर्षांचा, सेमी-इंग्लिशला, आणि डोक्यात फक्त तलवारी, राक्षस, किल्ले. भुईकोट किल्ल्यात नेला तर खंदकात वाकून "मामा, यात ड्रॅगन मावला असता का" विचारतो. वर त्याची अट, पुस्तक हसवणारं पाहिजे. आता तुमच्याही घरी असला नग असेल तर मी त्याच्यासोबत काय काय वाचून बघितलं ते सांगतो.

पहिलं अर्थातच क्रेसिडा कॉवेलचं हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन. २००३ चं पहिलं पुस्तक, एकूण १२ भाग. पिक्चर बघून पुस्तक घेणार असाल तर पोराला आधीच सांगून ठेवा, कारण पिक्चरमधला टूथलेस ड्रॅगन काळा आणि मोठ्ठा, पुस्तकातला एवढुसा, बोळका, आळशी आणि लाडावलेला. मला तर हाच जास्त आवडला. त्यात ड्रॅगनला वळण कसं लावायचं याचं एक जाडजूड भासणारं पुस्तक गावात असतं, गोष्टीतला हिरो पोरगा हिकप ते उघडतो तर आत सल्ला एकच, त्याच्यावर ओरडा, जितकं जोरात तितकं चांगलं. इथं चिन्या पलंगावरून खाली पडायचा बाकी होता. पण अडचण अशी की यातले निम्मे जोक नावांत आणि शब्दांत आहेत. स्नॉटलाउट म्हणजे शेंबड्या रे, असं मला दर दोन पानांनी थांबून सांगावं लागलं, आणि फोडून सांगितलेला जोक म्हणजे दुसऱ्या दिवशीची भजी. चित्रं मात्र लेखिकेनं स्वतःच काढलीत, शाळेच्या वहीमागं काढल्यासारखी, पोरं त्यातच रमतात.

दुसरं केट मॅकमलनचं ड्रॅगन स्लेअर्स अकॅडमी, १९९७ पासूनची २० पुस्तकं, प्रत्येक छोटंसं. यातला विगलाफ ड्रॅगन मारायच्या शाळेत दाखल होतो आणि त्याला रक्तच बघवत नाही! हेडमास्तरला फक्त सोनं दिसतं. पहिला ड्रॅगन तर फालतू जोक ऐकून मरतो, आणि पुढच्या भागात त्याची आई बदला घ्यायला येते. हे समजायला इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालतंय, कारण गंमत शब्दांपेक्षा प्रसंगात आहे. विगलाफची डेझी नावाची डुकरीण पिग लॅटिन बोलते, ते काय म्हणून चिन्यानं विचारलं तर मी म्हटलं अरे आपली च ची भाषा, पहिलं अक्षर उचलून मागं टाकायचं. झालं, लगेच "मामा, चाणीप चेद". पाणी दिलं बाबा. गोष्ट पातळ आहे आणि चार-पाच भागांनंतर तेच तेच वाटतं, हे मान्य. नवीन प्रती शोधत बसावं लागतं, मला दोन जुन्याच मिळाल्या.

मराठीत रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या. नाटक आहे, कादंबरी नाही, म्हणून लोक वाचायला घेत नाहीत, आणि तिथंच चुकतात. २०१८ ला वैभव मांगले चिंची चेटकीण होऊन परत स्टेजवर आला तेव्हा पोरं किती खिदळली ते ज्यांनी बघितलं त्यांना माहितीये. घरी वाटून घ्यायचं, चेटकीण तुम्ही, राजा पोरगा. एक शब्द समजावून सांगावा लागत नाही. एका दुपारीत संपतं मात्र, पुढचा भाग नाही.

चांदोबा पण काढला होता रद्दीतून. आमच्या शेजारच्या तेलुगू काकू त्याला चंदामामाच म्हणतात, त्यांचंही बरोबरच, १९४७ ला तेलुगू आणि तमिळमध्येच सुरू झालेला, मराठीत नंतर आला. विक्रम-वेताळ भारीच, पण खदखदून हसायला नाही.

तर पोरगा इंग्रजी स्वतः वाचणार असेल तर आधी विगलाफचं एक घ्या, ते संपवलं तर हिकप. तुम्ही रोज शेजारी बसून वाचणार असाल तर थेट हिकपच, मजा त्यात जास्त. आणि इंग्रजी पुस्तक बघूनच तोंड वाकडं करत असेल तर चिंची.

ताईचा काल परत फोन आला होता. चिन्या जेवताना चाजीभ चकोन म्हणतोय, हे काय शिकवून ठेवलंस म्हणे.