दारू सुटण्याआधीचा उपचार: जळगावातील एका व्यसनोपचार सेवेचे परीक्षण

जळगाव शहरातील एका खाजगी मानसोपचार दवाखान्यात व्यसनांसाठी वेगळी बाह्यरुग्ण सेवा चालते. तिथे रुग्णाला कोंडून ठेवत नाहीत, शपथ घ्यायला लावत नाहीत आणि ‘आधी दारू पूर्ण सोडण्याची तयारी दाखवा, मगच केसपेपर काढू’ अशी अटही घालत नाहीत. यावल तालुक्यात केळीची शेती करणारे माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही घरात आप्पा म्हणतो, गेल्या पावसाळ्यापासून तिथे उपचार घेत आहेत आणि बहुतेक वेळा मी त्यांच्यासोबत गेलो आहे. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आपल्याकडे दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या मोटारसायकलवरूनही माणूस ओळखला जातो, आणि पुढे मी काही तक्रारीही नोंदवणार आहे. अशा उपचाराची पद्धत कळली तर वाचकाला आपल्या गावच्या डॉक्टरांनाही नेमके प्रश्न विचारता येतील.

या पद्धतीला हानी कमी करण्याचा उपचार, हार्म रिडक्शन, म्हणतात. माणूस आज व्यसन सोडायला तयार नसेल, तर त्या व्यसनापायी होणारे मरण, अपंगत्व, अपघात आणि घराची वाताहत तरी आजपासून कमी करता येते, एवढेच तिचे म्हणणे आहे. १९८० च्या दशकात एचआयव्हीचा प्रसार सुरू झाला तेव्हा युरोपातील काही शहरांनी सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया देण्यास सुरुवात केली आणि तिथून हा विचार पसरला. आपल्या देशातही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुया-सिरिंज बदलून देणे आणि अफूवर्गीय नशेसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणे, हे दोन्ही उपाय अनेक वर्षांपासून आहेत. दारूच्या बाबतीत मात्र आपण अजून ‘सोडली’ आणि ‘नाही सोडली’ या दोनच रकान्यांत माणसे बसवतो. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले होते. उरलेले ३७ जण दवाखान्याच्या पायरीपर्यंत का येत नाहीत, याचे एक उत्तर त्या पायरीवर घातलेल्या अटीतही असावे, असे मला वाटते.

सेवेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे पहिली भेट. आप्पांनी नेहमीप्रमाणे ‘रोजचे दोन पेग, जास्त नाही’ असे सांगितले. समुपदेशकाने वाद घातला नाही. त्यांनी स्टीलचा एक पेला आणि पाण्याची बाटली पुढे ठेवून ‘तुम्ही घरी जेवढी ओतता तेवढे ओतून दाखवा’ असे म्हटले आणि ते पाणी मापाच्या भांड्यात मोजले. मग कागदावर हिशेब मांडला. ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूचे ३० मिलि म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे एक युनिट; या मापाने १८० मिलिच्या एका क्वार्टरमध्ये सहा युनिट होतात. आप्पांचे ‘दोन पेग’ प्रत्यक्षात दोन क्वार्टर, म्हणजे बारा युनिट निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार पुरुषाने दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर जाणे ही अतिशय जास्त जोखमीची पातळी आहे आणि आप्पा एकशेवीसवर होते. बिअर म्हणजे दारू नव्हे, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की आठ टक्क्यांच्या ६५० मिलिच्या एका स्ट्राँग बाटलीत चार युनिट असतात. आजवर आप्पांना पुष्कळांनी पुष्कळ बोलून दाखवले होते, पण मोजून कोणीच दाखवले नव्हते. त्या दिवशी ते परतीच्या रस्त्यावर स्वतःच वहीत आकडे मांडत होते.

यानंतर जे सांगितले गेले ते माझ्या मते प्रत्येक गावात पोहोचायला हवे. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात आणि घोटभर घेतल्यावर थांबतात, अशा माणसाने दारू एका दिवसात तोडू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच घाम, मळमळ आणि कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊन जीवावर बेतू शकते. आपल्याकडे दारू सोडण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे माळ घालणे. ज्यांना माळेने तारले आहे अशी माणसे माझ्या नात्यातच आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र बारा युनिटवाला माणूस एकादशीला माळ घालून त्याच दिवशी दारू तोडतो आणि द्वादशीला भिंतीवर साप दिसतात म्हणून ओरडू लागतो, तेव्हा घरचे बाहेरचे काही लागले असे समजून भगताकडे जातात आणि दवाखान्याची वेळ निघून जाते. माळ घालायचीच असेल तर आधी डॉक्टरांना भेटून, आठ-दहा दिवस औषधांच्या आधाराने शरीर सावरून मग घालावी, असे त्या समुपदेशकाने सांगितले, आणि श्रद्धेला धक्का न लावता सांगितले.

सलाईनचेही तसेच. पिणारा माणूस जेवत नाही, अशक्त होतो आणि गावात त्याला ग्लुकोजची बाटली लावली जाते. बराच काळ पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो, आणि थायमिन न देता ग्लुकोज चढवल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. येथे पहिल्याच दिवशी थायमिन सुरू झाले, दारू चालू असतानाच सुरू झाले. दारूचे प्रमाण दर चार दिवसांनी साधारण दहा टक्क्यांनी कमी करायचे, रिकाम्या पोटी घ्यायची नाही, कंप किंवा घाम वाढला तर कमी करणे तिथेच थांबवून फोन करायचा, असा तक्ता दिला गेला. तो तक्ता शेतीच्या लाइनशी, म्हणजे कृषिपंपाच्या विजेच्या पाळीशी, जुळवून केला होता, याचे मला विशेष कौतुक वाटते. ज्या आठवड्यात कृषिपंपाची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात आप्पा बागेत एकटे असतात आणि तेव्हाच पिणे वाढते, हे वहीतून उघड झाल्यावर ‘त्या आठवड्यात कमी करायचे नाही, फक्त वाढू द्यायचे नाही’ असे ठरले. असा तक्ता पाळला जातो.

औषधांबाबत दवाखाना सावध आहे. यकृताची तपासणी झाल्यावर आप्पांना नाल्ट्रेक्सोन सुरू झाले. हे औषध पिण्यातून मिळणारे सुख आणि पुढच्या घोटाची ओढ कमी करते आणि त्यावर दारू घेतली तरी घातक प्रतिक्रिया येत नाही. मात्र ट्रामाडोलसारखी वेदनाशामके किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेणाऱ्याला ते चालत नाही, म्हणून कंबरदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्यांची पाकिटेही दाखवायला सांगितली होती. नाल्ट्रेक्सोन आणि दारूच्याच व्यसनासाठी दिले जाणारे अकॅम्प्रोसेट या दोन्ही औषधांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती, ज्या आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतींपासून मोबाईलपर्यंत सर्वत्र दिसतात. अशा पुडीत काय असते याची खात्री नसते. त्यात डायसल्फिरॅम असेल आणि वरणात कालवलेली ती पुडी खाऊन माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आमच्या वहिनींनीही असा प्रयोग पूर्वी केला होता. डॉक्टरांनी त्यांना न रागावता धोका समजावून सांगितला आणि गोळी देण्याची जबाबदारी आप्पांच्या समोर, त्यांच्या संमतीने, वहिनींकडेच सोपवली.

घरातली आणि शेतातली हानी कमी करण्यासाठी जे ठरले, त्यात औषधाचा काहीच भाग नव्हता. प्यायला बसण्यापूर्वी मोटारसायकलची किल्ली वहिनींकडे द्यायची. प्यायल्यावर पंपाच्या स्टार्टरला हात लावायचा नाही आणि कठडा नसलेल्या विहिरीकडे जायचे नाही. त्या रात्री सालदाराने पाणी धरायचे. फवारणीची औषधे घरातून हलवून मळ्यातील खोलीत कुलपात ठेवायची आणि त्या कुलपाची किल्लीही आप्पांकडे ठेवायची नाही. शेवटच्या सूचनेचे कारण डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. नशेतला राग किंवा निराशा काही तासांत ओसरते, पण तेवढ्या वेळात हाताशी कीटकनाशक असेल तर ते ओसरायला वेळच मिळत नाही. ज्या भागात कापूस आणि केळी ही पिके आहेत आणि प्रत्येक ओसरीत फवारणीचा डबा आहे, तिथे व्यसनोपचारात हा प्रश्न विचारला जात नसेल तर तो उपचार अपुरा आहे असे मी म्हणेन. गावठी दारूबद्दलही असेच सरळ बोलणे झाले. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. हातभट्टीत मिथेनॉल मिसळलेले आहे की नाही हे वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. प्यायल्यानंतर दिसणे अंधुक झाले तर झोपून न राहता तातडीने मोठे रुग्णालय गाठावे.

आज आप्पा दिवसाला तीन-साडेतीन युनिटवर आहेत आणि आठवड्यातले काही दिवस अजिबात घेत नाहीत. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पत्त्यांच्या बैठकीत प्रमाण पुन्हा वाढले होते. नंतरच्या भेटीत वही उघडून त्याची नोंद झाली आणि तक्ता पुढे सुरू राहिला, कोणी केसपेपर बंद केला नाही. दारूची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे साडेतीन युनिट म्हणजे तब्येत राखली असा दावा मी करणार नाही. तरीही एकशेवीस ग्रॅमवरून पस्तीसवर येणे ही लहान गोष्ट नाही, आणि ‘अजून पितोच ना?’ असे विचारणाऱ्या भाऊबंदांना मी आता हाच आकडा सांगतो.

आता तक्रारी. यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाणे), स्वादुपिंडाचा दाह किंवा पूर्वी येऊन गेलेला भ्रम असेल, तर हळूहळू कमी करत राहण्याचा मार्ग बहुधा योग्य नसतो. अशा रुग्णाला भरती करून, देखरेखीखाली दारू थांबवावी लागते. हे या दवाखान्यात विचारल्यावर सांगतात, आपणहून सांगत नाहीत, आणि हा दोष मी गंभीर मानतो. दर्शनी भागात त्याचा ठळक फलक असायला हवा. समुपदेशक एकच आहेत, त्यामुळे खोळंबा फार होतो, आणि बाजाराच्या दिवशी तर दुपार तिथेच जाते. स्त्रियांसाठी वेगळी वेळ नाही. रुग्णासोबत आलेल्या पत्नीला स्वतःचे दुःख सांगायला जागा नाही. वहिनींना तीन वाक्ये बोलू दिली जातात आणि त्यातली दोन गोळ्यांविषयी असतात. मराठी आणि हिंदीत सारे चालते, अहिराणी समजून घेतली जाते, परंतु सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबाशी त्यांच्या बोलीत बोलणारे कोणी नाही. तिकडे मोहाची दारू पूजेत आणि लग्नकार्यातही असते, आणि तिच्याविषयी बोलताना परमिट रूममधल्या क्वार्टरचा तक्ता जसाच्या तसा पुढे करून भागत नाही.

गोळ्यांच्या नशेविषयी थोडक्यात लिहितो. मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ या नावाने विकली जाणारी अल्प्राझोलम ही चिंता कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी एकदम बंद केली तर दारूप्रमाणेच फिट येऊ शकते, आणि ती दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. येथे ती हळूहळू उतरवण्याची सोय आहे. सुईने नशा करणाऱ्यांसाठी मात्र येथे काहीच व्यवस्था नाही आणि ते प्रामाणिकपणे सांगून दुसरीकडे पाठवले जाते.

पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून पूर्ण व्यसनमुक्तीचे काम करत आहे, आणि ज्यांची दारू पूर्ण सोडण्याची तयारी आहे व घर सोडून काही आठवडे राहण्याची सोय आहे, त्यांनी तशाच ठिकाणी जावे. ज्यांची तयारी अर्धीच आहे, ज्यांना केळीची कापणी सोडून कुठे जाता येत नाही, त्यांच्यासाठी जळगावची ही सेवा मी वरील उणिवांसकट सुचवेन. पाचपैकी साडेतीन गुण देईन. खाजगी फी परवडत नसेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्याची शासकीय मदतवाहिनी टेली-मानस १४४१६ वर विनाशुल्क आहे. कुठेही गेलात तरी नाल्ट्रेक्सोन आपल्या तालुक्याच्या मेडिकलवर नियमित मिळते का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आम्हाला ते दोनदा मिळाले नाही, आणि दोन्ही वेळा त्या आठवड्यात वहीतला आकडा वर गेला होता.