वकिलीच्या नादात 54,800 रुपयांना खुळ्यात निघालो

शिरोलीच्या फाउंड्रीत एकोणीस वर्षं काढली. कंबर गेली तेव्हा बसून करायचं काम शोधत होतो. शिक्षण बारावी. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये आमच्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे पक्षकार भाऊसिंगजी रोडवर यायला लागले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता कोर्टात माणसं कमी पडणार. नेमका तेव्हाच राजारामपुरीत एका क्लासचा बोर्ड दिसला: पदवीची अट नाही, सहा महिन्यांत वकिलीची सनद.

पुढचं ओळखलंच असेल, नाव घातलं. नोंदणी 1,500, कोर्स 32,000, सनदेची 'प्रोसेसिंग' 18,500, त्यांच्याच शिंप्याकडचा काळा कोट आणि गळ्याचा पांढरा बँड 2,800. सगळे रोख. ऑनलाइन दिले असते तर निदान सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन तरी करता आला असता.

मी अगदीच आंधळा नव्हतो. मेव्हण्याला घेऊन चौकशी केली होती. शिकवणारा कोट घालून यायचा, दिवाणी-फौजदारीतला फरक झकास समजवायचा. कुणीही फसला असता.

पण ती 18,500 ची पावती! वर छापलेलं, 'ऐच्छिक देणगी'. विचारलं, "सर, ही फी हाय न्हवं?" तो हसला, "काका, तुमचाच जीएसटी वाचतोय." पगारात तेरा रुपये कमी आले म्हणून टाइम ऑफिसात भांडणारा मी, पावतीवर सही केली, दुमडून खिशात घातली. वर 'थँक्यू सर' म्हणालो. ते थँक्यू अजून टोचतंय.

सनद काही येईना. शेवटी कसबा बावड्यात कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एका वकीलबाईंनी कागद बघून कपाळाला हात लावला. कायद्याची पदवी नसेल तर सनद नाही, 1961 च्या कायद्यातच आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, त्याआधी सीईटी. आणि नोंदणीची फी? 750 रुपये. त्यावर जादा घ्यायचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2024 मध्येच बजावलंय. वकिलाकडं कारकून व्हायचं असेल तर कोर्स कशाला, सरळ जाऊन विचारा.

पोलीस ठाण्यात गेलो. "देणगी दिलीय की तुम्ही, सही तुमचीच. हे दिवाणी आहे." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी हद्द आमची नाही. चौथ्या दिवशी हवालदार म्हणतो, "वकील होणार होता न्हवं, मग तुम्हीच लिवा की तक्रार." ठाण्यातली सगळी हसली. वकिलांची नोंदणी करणाऱ्यांचं उत्तर, तो माणूस आमच्याकडं नोंदलेलाच नाही, आम्ही काय करणार! म्हणजे खोटा वकील खोटा आहे म्हणूनच सुटला.

आता ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपली बाजू आपणच मांडता येते. तुमच्याकडंही 'देणगी'ची पावती असेल तर आधी झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका. माझी एक क्लासवाल्यांनी 'सही राहिलीय' म्हणून परत मागून घेतली, ती 32,000 ची होती.