बाहेरून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या तपासणीसाठी प्लेराइट: आठ महिन्यांनंतर

बिलं मंजूर करायची आमची प्रणाली एक बाहेरचा पुरवठादार बनवतो. कोड त्यांचा, टेस्टिंगही त्यांचंच. आमच्या हाती यायची तयार बिल्ड, म्हणजे चालवता येणारी आवृत्ती, आणि सोबत रिपोर्ट: सगळ्या टेस्ट पास. तरी यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांकडून होणाऱ्या स्वीकृती चाचणीच्या, पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू व्हायच्या. आम्ही बग टाकायचो आणि तिकडून उत्तर यायचं, "आमच्याकडे तर नीट चालतंय." दोन डिलिव्हऱ्या असं सोसलं. मग स्वीकृतीच्या टेस्ट आपणच लिहायच्या असं ठरलं आणि त्यासाठी प्लेराइट घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं हे मुक्त स्रोत साधन ब्राउझर स्वतः चालवतं. क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) या तिन्हींवर तीच टेस्ट चालते. बटण दिसेपर्यंत, दाबण्याजोगं होईपर्यंत ते स्वतः थांबतं, त्यामुळे जागोजागी "पाच सेकंद थांब" असं लिहावं लागत नाही. पुरवठादाराचा कोड आपल्याला दिसत नसला तरी काही अडत नाही, कारण टेस्ट वापरणाऱ्याच्या बाजूने चालते.

पण मला ते सगळ्यात उपयोगी पडलं ट्रेसमुळे. टेस्ट फसली की एक झिप फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक क्लिकच्या आधीचं आणि नंतरचं पान, सर्व्हरला गेलेल्या विनंत्या, आलेली उत्तरं, कन्सोलमधल्या चुका, सगळं क्रमाने असतं. ही फाइल बगला जोडायला लागल्यापासून "आमच्याकडे चालतंय" हे वाक्य जवळजवळ बंद झालं. समोरच्याला काय घडलं ते दिसतं, वाद घालायला जागाच राहत नाही. पूर्वी एका बगवर चार-चार दिवस पत्रव्यवहार चालायचा. आता त्यांचा डेव्हलपर ट्रेस उघडतो आणि थेट कामाला लागतो. खरं सांगायचं तर त्यांच्या माणसांशी आमचे संबंधही यामुळे सुधारले.

एक काळजी मात्र घ्या. ट्रेसमध्ये लॉगिनचे टोकन आणि पानावरची खरी माहितीही येते. आम्ही फक्त बनावट डेटा असलेल्या सर्व्हरवर टेस्ट चालवतो, आणि तिथलेच ट्रेस बाहेर पाठवतो.

आता ज्या बगमुळे माझा या पद्धतीवर विश्वास बसला, तो सांगते. प्लेराइटमध्ये एकाच टेस्टमध्ये दोन वेगळे कॉन्टेक्स्ट उघडता येतात, म्हणजे दोन वेगळ्या लॉगिनची दोन माणसं. आम्ही दोन अधिकारी एकच बिल एकाच वेळी मंजूर करतात अशी टेस्ट लिहिली. ती कधी पास व्हायची, कधी नापास. फेरप्रयत्नाची सेटिंग चालू असल्याने दुसऱ्या खेपेला पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये "फ्लेकी" म्हणून वेगळी दिसायची. पुरवठादाराचं म्हणणं होतं की टेस्टच कच्ची आहे. मलाही काही दिवस तसंच वाटलं. मग बसून पास झालेल्या आणि फसलेल्या खेपांचे ट्रेस शेजारी शेजारी लावून पाहिले. दोन्ही विनंत्या काही मिलिसेकंदांच्या अंतराने पोहोचल्या की सर्व्हर दोघांनाही "मंजूर" म्हणत होता, आणि पैसे देण्याची नोंद दोनदा पडत होती. म्हणजे टेस्ट खरं बोलत होती. एका वेळी एकच माणूस बसवून केलेल्या तपासणीत हे कधीच सापडलं नसतं. तेव्हापासून फ्लेकी टेस्ट आमच्याकडे नापास धरली जाते. तशी सोय प्लेराइटमध्येच आहे, आणि बाहेरून काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने ती चालू करावी असं मला मनापासून वाटतं.

साधनाने न सुटलेला प्रश्न दुसराच निघाला: हा बग की बदल? बग असेल तर दुरुस्ती त्यांच्या खर्चाने, बदल असेल तर आमच्या. कर प्रत्येक ओळीवर काढून पूर्णांक करायचा की एकूण रकमेवर, हे आमच्या कागदात लिहिलंच नव्हतं. दोघांनी आपापल्या समजुतीने धरलं होतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळाजवळ गमावलं गेलं ते याच जातीच्या फटीतून. कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, नासाकडे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले जात होते. तिथे एकक निदान कागदावर ठरलेलं होतं, आणि तरीही ताडून पाहिलं गेलं नाही. आमच्याकडे तर कागदच कोरा होता.

म्हणून आता क्रम उलटा केलाय. काम सुरू होण्याआधी आम्ही उदाहरणं लिहून देतो: अमुक तीन ओळींचं बिल, तमुक दर, एकूण इतकी रक्कम. त्यावर दोघांच्या सह्या होतात आणि त्याच उदाहरणांच्या टेस्ट बनतात. उदाहरणात असेल आणि चुकलं तर बग, उदाहरणातच नसेल तर बदल. या टेस्ट आम्ही पुरवठादारालाही देतो, त्यांनी बिल्ड पाठवण्याआधी चालवाव्यात म्हणून. मात्र थोड्या टेस्ट आमच्याजवळच ठेवतो, नाहीतर काम फक्त माहीत असलेल्या टेस्ट पास होण्यापुरतंच होतं. करारात आणखी एक अट घातली: महत्त्वाच्या प्रत्येक बटणाला टेस्टसाठी कायमची ओळख द्यायची. त्याआधी पानाची मांडणी बदलली की आमच्या निम्म्या टेस्ट मोडायच्या.

उणिवा आहेतच. वेबकिटवर चाललं म्हणजे खऱ्या आयफोनवर चाललं असं नव्हे. मोबाइलचं इथे फक्त अनुकरण होतं. घड्याळ पुढे ढकलायची सोय छान आहे, पण ती ब्राउझरपुरती. महिनाअखेरीचा हिशेब सर्व्हर करतो, तिथे पुरवठादाराकडूनच वेगळी सोय करून घ्यावी लागली. स्क्रीनशॉट जुळवण्याच्या टेस्ट वेगळ्या मशीनवर फॉन्ट बदलला की नापास होतात, त्या आम्ही एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे फॉन्टसकट सगळं ठरलेलं असलेल्या बंदिस्त वातावरणात चालवतो. क्लिक रेकॉर्ड करून टेस्ट बनवणारं कोडजेन शिकायला बरं आहे, पण तो कोड हाताने नीट करावाच लागतो.

भाराची तपासणी, म्हणजे एकाच वेळी खूप लोक आले तर प्रणाली टिकते का हे पाहणं, हे याचं काम नाही, ती आम्ही जेमीटरने करतो. सुरक्षेसाठी झॅप वापरतो, आणि सोबत प्रणालीत वापरलेल्या सगळ्या लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) आवृत्तीसह यादी मागतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीमधलं सुरक्षेचं छिद्र उघड झालं तेव्हा ती आमच्या प्रणालीत आहे का, एवढं विचारायलाही आम्हाला पुरवठादाराच्या उत्तराची वाट पाहावी लागली होती. आता यादी आल्याशिवाय बिल्ड स्वीकारत नाही.

टेस्ट सांभाळायला आमच्याकडे एक माणूस आठवड्यातले दोन दिवस देतो. तेवढा वेळ काढता येणार नसेल तर हे सुरू करू नका, सहा महिन्यांत टेस्ट शिळ्या होतील. आमच्या मागच्या दोन डिलिव्हऱ्या यूएटीला जाण्याआधीच परत गेल्या, ट्रेससकट. तिसरी आली ती पहिल्या खेपेतच पास झाली.