दीडशे कशाचे, हे विचारायचं राहिलं

२०२५ च्या जूनपासून फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांची तिकडची तिकिटं निघायला लागली. त्यातले निम्मे पलावान बेटावर जाणार, म्हणजे पुएर्तो प्रिन्सेसाच्या विमानतळावर उतरणार. आम्ही जिथे फसलो ती जागा विमानतळाच्या दाराबाहेर दहा पावलांवर आहे, म्हणून हे लिहितोय.

तिथलं स्थानिक वाहन म्हणजे ट्रायसिकल. मोटरसायकलच्या उजव्या अंगाला पत्र्याचा साइडकार जोडलेला, वर छप्पर. आपल्या रिक्षाची सवय असली की पहिली चूक तिथेच होते, कारण मीटर हा प्रकारच नाही. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने ट्रायसिकलचे परवाने आणि भाडी ठरवायचं काम त्या त्या शहराकडे किंवा गावाकडे दिलेलं आहे. त्यामुळे एका गावचा दर दुसऱ्या गावी सांगून भांडण्यात अर्थ नसतो. शिवाय इतरांबरोबर बसून गेलात तर एक भाडं, अख्खी गाडी घेतलीत तर ती ‘स्पेशल’ आणि भाडं वेगळं. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्ही चौघं: मी, बायको, मेहुणे आणि वहिनी. बॅगाही चारच. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते आणि अंधार पडला होता. दाराशीच एक हसतमुख माणूस पुढे आला. हॉटेलचं नाव सांगितलं तर म्हणाला, ‘वन फिफ्टी, सर.’ मी वीस पेसो कमी करून मागितले, तो हसला, मीही हसलो आणि दीडशेवर ठरलं. घासाघीस केल्याचं समाधान मला पुरेसं होतं. बॅगा मागच्या कॅरियरवर बांधल्या, मेहुणे त्याच्या मागे मोटरसायकलवर, आम्ही तिघं साइडकारमध्ये कोंबलेले. रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा.

हॉटेलपाशी त्याने हिशेब मांडला. दीडशे माणशी, चौघांचे सहाशे. बॅगेचे पन्नास, चार बॅगांचे दोनशे. एकूण आठशे! मी म्हटलं, ठरलं होतं दीडशे. तो शांतपणे म्हणाला, ‘यस सर, वन फिफ्टी, ईच.’ एव्हाना बॅगा निम्म्याच उतरल्या होत्या आणि त्या उरलेल्या दोन बॅगांवर त्याचा हात होता. बायको म्हणाली, ‘अहो, द्या आणि मोकळे व्हा.’

मी हजाराची नोट दिली. तो साइडकारच्या पलीकडे वळला, परत आला आणि हातातली नोट दाखवत म्हणाला, ‘सर, हंड्रेड ओन्ली.’ खरंच शंभराची होती. फिलिपिन्सची हजाराची नोट निळी आणि शंभराची जांभळी. जुन्या कागदी नोटा अंधुक उजेडात इतक्या सारख्या दिसायच्या, की तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०१६ मध्ये शंभराचा जांभळा रंग आणखी गडद केला. मला हे ठाऊक नव्हतं. मी ओशाळलो, चक्क ‘सॉरी’ म्हणालो, शंभराची नोट परत घेतली आणि दुसरी हजाराची दिली. त्यावर तो म्हणाला, ‘वाला पोंग बार्या.’ सुट्टे नाहीत. दोनशे त्यालाच राहिले.

रात्री पैसे मोजताना ट्यूब पेटली. मनिलाला मला हजाराच्याच दहा नोटा मिळाल्या होत्या आणि तोवर सगळा खर्च कार्डाने झाला होता. माझ्या पाकिटात शंभराची नोट असणं शक्यच नव्हतं. दीडशेच्या प्रवासाला १९०० पेसो गेले होते. पेसोला दीड रुपया धरा, म्हणजे २८५० रुपये. मेहुणे काही बोलले नाहीत, पण जेवताना दोनदा हसले.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने कागदावर तीन शब्द लिहून दिले: ‘मगकानो पो लाहात?’ म्हणजे सगळ्यांचे मिळून किती. मधला ‘पो’ आदराचा, तो सोडू नका. त्यानंतर आम्ही बसण्याआधीच चार बोटं दाखवून, बॅगांकडे बोट करून हे विचारायचो आणि उत्तराचा आकडा मोबाइलवर टाइप करून घ्यायचो. मोठी नोट टर्मिनलमध्येच पाण्याची बाटली घेऊन मोडायची. नोट देताना तिचा आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे ती बदलणं अवघड जातं. आणि हो, सामान सगळं खाली आल्याशिवाय पाकीट काढायचं नाही. असं केल्यावर अख्ख्या गाडीला शंभरही लागले नाहीत. एका म्हाताऱ्या चालकाने तर उरलेले पाच पेसो माझ्या हातावर मोजून ठेवले, मी नको म्हणत असताना.

तक्रार करायची तर ट्रायसिकलवर रंगवलेला क्रमांक लागतो. बायकोने निघताना हौसेने फोटो काढला होता, म्हणून आम्ही तो उघडून पाहिला. फोटोत रंगीत छप्पर आहे, बॅगा आहेत, तो हसतमुख माणूसही अर्धा आहे. क्रमांकासमोर मी उभा आहे, कमरेवर हात ठेवून.