कंबरेचं मॅनिप्युलेशन (हाताने दिलेला उपचाराचा झटका): पेटीवर बसणाऱ्या माणसाचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या चतुर्थीला घरच्या भजनात मुलाने मागून माझा एक फोटो काढला. पेटीवर मी अगदी ताठ बसलोय, हे मी देवासमोर शपथेवर सांगितलं असतं. फोटोत मात्र मी डावीकडे कललेला, उजवा खांदा वर, कंबर भात्याच्या बाजूला पिळलेली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, अशी तीस वर्षं गोव्यातल्या माशेलात आणि आजूबाजूच्या देवळांत साथ केली. कंबर दोन वर्षं दुखत होती, पण त्या दुखण्याने हादरलो नव्हतो तेवढा या फोटोने हादरलो. आपलीच पाठ कुठे आहे हे आपल्याला कळू नये?

आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणी गेलो होतो. "मणका सरकलाय, बसवून देतो" म्हणाले आणि दोन मिनिटांत कंबर मुरडली. कडकड आवाज झाला, दोन दिवस हलकं वाटलं, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. पैसे गेले त्याचं काही नाही. पायात मुंग्या येतात का, जांघेत बधिरपणा आहे का, लघवीवर ताबा आहे का, हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय का, यातलं एकही विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो. हे न विचारता कुणी कंबरेला हात घालत असेल तर तिथून सरळ उठा. बधिरपणा किंवा लघवीचा त्रास असेल तर आधी इस्पितळ गाठा.

मग ऑक्टोबरात पणजीच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे जायला लागलो. बाणस्तारीच्या पुलावरून स्कूटरने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी पाठीला हातच लावला नाही. कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "काका, डोळे मिटून बसा. पाठ आतून जशी जाणवते तशी नंतर रेघेने काढा. कशी असते ते आठवून नको." उजवी बाजू सहज उतरली. डावीकडे कंबरेशी आलो आणि पेन्सिल थांबली. तिथे मला काही जाणवतच नव्हतं. मॅडमनी सांगितलं की जुनाट पाठदुखीच्या रुग्णांकडून अशीच चित्रं काढून घेणारा वेदना-संशोधक लॉरिमर मोझली यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता, आणि त्यांनाही दुखऱ्या जागेची कड नीट सापडत नव्हती. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. माझंच काही बिघडलंय असं नव्हतं तर.

नंतर कंबरेवर मोबाइल पट्टीने बांधून कोन मोजला. डोळे मिटून तीस अंश पुढे वाकायचं, सरळ व्हायचं, पुन्हा त्याच जागी यायचं. मी आठ अंशांनी चुकत होतो.

मॅनिप्युलेशन तिसऱ्या भेटीत झालं. उजव्या कुशीवर झोपवलं, वरचा पाय गुडघ्यात दुमडला, खांदा हळूच मागे नेला आणि जिथे ताण थांबतो तिथे एक छोटा, झटक्याचा दाब. पापणी लवायच्या आत झालं. आवाज आला, पण तो हाड जागेवर बसल्याचा नाही. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्याचा आवाज. कॅनडात बोटाच्या सांध्याचं एमआरआय चित्रण करून २०१५ मध्ये हे दाखवलंय. या विद्येची एक शाखा, कायरोप्रॅक्टिक, अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केली, तेव्हापासून "सरकलेला मणका" ही कल्पना लोकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे.

मग होतं काय? मणक्यांलगतच्या छोट्या स्नायूंत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. स्नायू किती लांबला, किती वेगाने लांबला, ही खबर ते मेंदूला देत राहतात. झटक्याच्या दाबाने हे तंतू एकदम जोरात खबर पाठवतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे माणसाची जाण खरोखर किती सुधारते याबद्दल अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत, हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं. मला ते फार आवडलं.

माझ्यापुरतं सांगतो. उठून पाठीवर झोपलो तेव्हा डाव्या कंबरेचा पलंगाला झालेला स्पर्श कळला. पलंगाचा थंडपणा तिथे लागला, उजवीकडे लागतो तसाच. लगेच मोजलं तेव्हा चूक चार अंशांवर आली होती. आठवड्याने गेलो तर पुन्हा सात. शिवाय तीच मोजणी पुन्हा केली की नुसत्या सवयीनेही आकडा सुधारतो, तेव्हा त्या चाराचं सगळं श्रेय झटक्याला देता येत नाही.

खरं काम झालं ते पुढे. झटक्यानंतरचे एक-दोन दिवस पाठ "ऐकू येते". त्या दोन दिवसांत मॅडमनी व्यायाम लावले. भिंतीला पाठ टेकून कंबर पुढे-मागे करायची आणि भिंत कुठे-कुठे लागते ते मोठ्याने बोलायचं. चार पायांवर येऊन पाठीची कमान करायची, सोडायची. बायको पेन्सिलीच्या टोकाने पाठीला स्पर्श करायची आणि मी जागा सांगायची. सुरुवातीला ती कंबरेवर दोन टोकं टेकवायची आणि मला एकच लागायचं. "अहो, नीट लक्ष द्या, दोन आहेत," असं तिने किती रात्री म्हटलं असेल. डिसेंबर-जानेवारीत काल्या-जत्रांमुळे तीन आठवडे व्यायाम बुडाला आणि झटके घेऊनही काही उपयोग झाला नाही. तेव्हा मला कळलं की झटका दार किलकिलं करतो, आत आपणच जायचं असतं. उपचारांबद्दल सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची कंबरदुखीवरची २०१६ची मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणते: हाताने केलेले उपचार द्यायचे ते व्यायामाच्या जोडीनेच.

एकूण सहा वेळा मॅनिप्युलेशन झालं, शेवटचं मार्चमध्ये. दुसऱ्या वेळेनंतर दीड दिवस कंबर ठणकत होती, ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पावसाची हवा सुटली की सकाळी पाठ आखडते. पण मोजणीतली चूक तीन अंशांवर टिकून आहे आणि कागदावरची डावी रेघ आता खालपर्यंत जाते.

गेल्या एकादशीच्या भजनात तिसऱ्या तासाला मी पुन्हा डावीकडे कललो. ते मला कळलं, गवळण चालू असतानाच. भाता न सोडता उजव्या बैठकीवर भार घेतला आणि पुढचं कडवं उचललं.